मोलगीच्या चढावर मोडलेला आख

आदेश दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी आला. तापीला पूर, सातपुड्यातले रस्ते तुटलेले, जिल्ह्याने सैन्याची मदत मागितलेली. तीस जणांचा एक कॉलम, पाच गाड्या, एक डॉक्टर आणि गाड्या चालत्या ठेवायला एक वर्कशॉप ऑफिसर. ओसींनी, म्हणजे आमच्या ऑफिसर कमांडिंगनी, विचारलं, "नंदुरबारकडचं कोण आहे?" मी हात वर केला. वय तेवीस, नोकरी अकरा महिन्यांची. खांद्यावर दोन तारे होते आणि नाक त्या ताऱ्यांच्याही वर होतं.

आता मी आजी आहे. गुडघे कुरकुरतात, नातीच्या मागे धावताना धाप लागते. त्यामुळे त्या तेवीस वर्षांच्या पोरीची टिंगल करायचा मला पूर्ण अधिकार आहे. ती मीच होते म्हणून तिला सूट देण्याचं काही कारण नाही.

पहिली गोष्ट, ती पोर ब्राह्मणपुरीची. तालुका शहादा. घरी गुजर बोली, गल्लीत अहिराणी, शाळेत मराठी. पण कमिशन मिळाल्यावर ती फक्त इंग्रजी आणि हिंदी बोलू लागली. आपल्याच जिल्ह्यात सरकारी गाडीतून येताना तिने काळा गॉगल लावला होता. श्रावणातलं आभाळ, बाहेर धड उजेड नाही, आणि बाईसाहेबांच्या डोळ्यांवर गॉगल. मोलगीत उतरल्यावर एका म्हातारीने विचारलं, "नर्सबाई आल्या का?" मी चार पावलं पुढे जाऊन उभी राहिले, म्हणजे खांद्यावरचे तारे दिसतील. म्हातारी म्हणाली, "बाई, सुई मोठी नको आणू."

कॉलमचा मुक्काम मोलगीला पडला. आमचे डॉक्टर, कॅप्टन नायर, यांनी तंबूत दवाखाना मांडला. माझ्या हाताखाली चार माणसं होती. त्यांतले दोन या गोष्टीत येतात. ड्रायव्हर नायक मुरुगन, तमिळनाडूचा. बोलायचा कमी, आणि जे बोलायचा ते हिंदीत, क्रियापदाशिवाय. दुसरा हवालदार झिपरू पाटील. अमळनेर तालुक्यातला, व्हेइकल मेकॅनिक, सतरा वर्षांची नोकरी. बुटका, रुंद, उजव्या हाताच्या नखात कायमचं ग्रीस.

झिपरूने पहिल्याच दिवशी मला अहिराणीत विचारलं, मी इथलीच ना म्हणून. "मॅडम, तुम्ही आठलाच ना? ब्राह्मणपुरीना?" मी म्हणाले, "हवालदार, हिंदी में बोलिए." तो म्हणाला, "ठीक है मॅडम." चेहऱ्यावर काही नाही. पण त्या दिवसानंतर तो माझ्याशी इतकी शुद्ध हिंदी बोलू लागला की मला अर्धे शब्द कळेनात.

चौथ्या दिवशी सकाळी साडेसातला मी ड्रायव्हरांना फॉलिन केलं, म्हणजे रांगेत उभं केलं. विषय माझ्या आवडीचा होता, गाडीचे आख. मराठीत पुस्तकी शब्द आस, आमच्याकडे आख म्हणतात. आमच्या कोर्सच्या परीक्षेत या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी गुण होते. ते गुण कुणाला तरी दाखवल्याशिवाय मला चैन पडत नव्हतं. मी थ्री टनरच्या, म्हणजे आमच्या तीन टनी ट्रकच्या, मागच्या फळीवर खडूने आकृती काढली.

तुम्हा वाचकांसाठीही ती आकृती शब्दांत मांडते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ट्रकच्या मागच्या दोन चाकांमध्ये एक जाड आडवी नळी असते. नळीच्या मधोमध एक मोठा फुगवटा, त्यात गिअर. ट्रकच्या मागे उभं राहून वाकून बघा, मातीने माखलेला तो गोळा दिसेल. इंजिनची ताकद त्या गोळ्यात येते आणि तिथून दोन पोलादी दांडे नळीच्या आतून डाव्या-उजव्या चाकांपर्यंत जातात. त्या दांड्यांना हाफ शाफ्ट म्हणतात. आता प्रश्न असा, की गाडीचं वजन कशावर बसतं? दांड्यावर की नळीवर? जीप, मोटार अशा हलक्या गाड्यांत बहुतेक वेळा दांडाच चाक फिरवतो आणि चाकाकडचं वजनही तोच पेलतो. तो सेमी फ्लोटिंग आख. जड ट्रकमध्ये वजन सगळं नळीवर. चाक नळीच्या टोकावर बेअरिंगवर बसलेलं असतं. दांड्याला फक्त फिरवायचं काम. तो फुल फ्लोटिंग.

हे मी सकाळी साडेसातला, छडी आपटत, घडाघडा सांगितलं. झिपरूने हात वर केला.

"मॅडम, इसका लाभ क्या है?"

"लाभ?"

"हां. भार नली पर है, तो हमें उपयोग क्या?"

मला व्याख्या येत होती. उपयोग कुणी विचारलाच नव्हता. मी म्हणाले, "जास्त टिकतो." झिपरूने मान हलवली. मुरुगनने झिपरूकडे पाहिलं. मी फॉलिन मोडलं.

पावणेनऊला आम्ही निघालो. काम सोपं होतं. मोलगीपासून नऊ किलोमीटर खाली, नर्मदेच्या बाजूला उतरणाऱ्या कच्च्या रस्त्यावर एक पाडा होता. तिथे धान्याची तीस पोती पोचवायची आणि परत यायचं. नऊ पन्नासला पोचलो. दहा पस्तीसला पोती उतरून झाली. दहा चाळीसला डोंगरावरून चार माणसं झोळी घेऊन धावत आली. बांबूला बांधलेलं लुगडं आणि लुगड्यात बाई.

बाईचं नाव सायकीबाई. वय असेल तिशीचं. सकाळी आठच्या सुमारास मक्यात निंदणी करताना पायाला फुरसं चावलं होतं. पाय घोट्यापासून सुजलेला. ती शुद्धीत होती, आणि चिडलेली होती. तिचा भाऊ टेट्या झोळीच्या पुढच्या टोकाला होता. सायकीबाई तिच्या पावरी बोलीत बोलायची, टेट्या मराठीत सांगायचा. तो दरवर्षी ऊसतोडीला आमच्या सपाटीवर येई, म्हणून त्याला मराठी येत होती.

मी वायरलेस सेट घेतला.

"अल्फा वन, अल्फा टू. सर्पदंश, स्त्री पेशंट, फुरसं, वेळ आठ. ओव्हर."

कॅप्टन नायर लगेच बोलले. "पायाला घट्ट पट्टी बांधली असेल तर सोडा. कापू नका. पाय हलवू नका. लस माझ्याकडे आहे. हिरड्यांतून रक्त येतंय का? ओव्हर."

"नाही. ओव्हर."

"ते रक्त यायच्या आत मला पेशंट इथे पाहिजे. आउट."

फुरशाचं विष रक्त गोठू देत नाही, आणि माणूस आतून झिरपत जातो. हळू चालतं, पण थांबत नाही. नऊ किलोमीटर चढ. गाडीने तास, सव्वा तास. झोळीने त्या चिखलात चार तास. हिशेब टेट्यालाही समजत होता. त्याने बहिणीला ट्रकमध्ये पोत्यांच्या ताडपत्रीवर ठेवलं आणि तिचा पाय मांडीवर घेऊन बसला. बाकीचे तिघे झोळीवालेही मागे चढले. दहा पन्नासला निघालो.

अकरा पंधराला, चार किलोमीटरवर, एका वळणावर मागचं डावं चाक चिखलात गरगर फिरू लागलं. मुरुगनने पाय काढला. "मॅडम, धीरे. पत्थर नीचे, फिर."

म्हणजे चाकाखाली दगड टाकू आणि मग हळू काढू. बरोबर होतं. पण मागे बाई होती, माझ्या मनगटावर घड्याळ होतं आणि माझ्या अंगात लेफ्टनंट होती. मी म्हणाले, "रेस दे."

"मॅडम—"

"दॅट इज अ‍ॅन ऑर्डर."

मुरुगनने रेस दिली. चाक भिंगरीसारखं फिरलं, चिखल उडाला, आणि चिखलाखालचा खडक लागल्याबरोबर चाकाने एकदम पकड घेतली. मागून आवाज आला. सुकी काठी गुडघ्यावर मोडल्यासारखा. इंजिन ओरडत राहिलं, गाडी जागची हलेना. मुरुगनने ब्रेक मारला, इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसला. ते मला आजवर बोचतं.

झिपरू मागून उतरला, गाडीखाली गेला, दोन मिनिटांनी बाहेर आला. "बायां हाफ शाफ्ट. गया."

आता इथे त्या पोरीने काय केलं ते ऐका. तिने सगळ्यांना खाली उतरवलं. सायकीबाईलासुद्धा. चाकांना दगड लावले आणि हुकूम सोडला, की गाडीला कुणी हात लावायचा नाही, चाक निखळेल. सेटवर कळवलं, "गाडी ऑफ रोड, बंद पडली. दुसरी गाडी पाठवा. ओव्हर." उत्तर आलं की दुसऱ्या गाड्या नाल्यापलीकडे आहेत, पाणी उतरायला तीन-चार तास. मग तिने दुसरा हुकूम सोडला. "झोळी बांधा. पायी जायचं."

पैकीच्या पैकी गुण घेणारी पोर असं का वागली? कारण घाबरल्यावर पुस्तक आठवत नाही, लहानपण आठवतं. मी बारा वर्षांची असताना आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, जीपमधून शहाद्याहून येत होते. मागे केळीचे घड भरलेले. रस्त्यात जीपचा मागचा दांडा मोडला आणि चाक दांड्याच्या तुकड्यासकट सुटलं. ते आम्हाला ओलांडून पुढे गेलं, एका शेताच्या बांधावरून उडालं आणि केळीच्या बागेत शिरलं. जीप एका अंगावर घसरत गेली. आबांच्या कपाळाला सात टाके. तेव्हापासून माझ्या मनात एकच समीकरण. दांडा मोडला की चाक जातं. सकाळी फळीवर खडूने काढलेली आकृती आणि हे समीकरण एकमेकांना कधी भेटलेच नव्हते.

टेट्याने झोळी बांधली. चौघं चढू लागले. झिपरू माझ्यासमोर येऊन सावधान उभा राहिला.

"मॅडम, गाडी जा सकती है."

"चाक निघेल, हवालदार. वर गाडीत माणसं बसणार. मी ती जोखीम घेणार नाही."

"मॅडम, निवेदन है—"

"नो."

झिपरू दोन पावलं मागे सरकला. वीस मिनिटं अशीच गेली. मी सेटवर परत परत विचारत होते की नाल्याचं पाणी किती आहे, जणू माझ्या विचारण्याने ते उतरणार होतं. अकरा पन्नासला वरून टेट्याची हाक आली. तीनशे मीटरसुद्धा गेले नव्हते. चिखलात एकाचा पाय घसरला होता, झोळी खाली टेकवावी लागली होती. मी धावत गेले. सायकीबाईने तोंड उघडून दाखवलं. हिरड्यांच्या कडेला लाल रेघ होती. ती टेट्याला काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते?"

"म्हणते, घरी दोन पोरं आहेत. बाईला विचार, गाडी मेली का बाई घाबरली?"

मागोमाग मुरुगन आणि झिपरू आलेले होते. आता झिपरूने हिंदी सोडली. सावधानही सोडलं. दगडावर बसला आणि मला म्हणाला, "मॅडम, चाक निंघाव नही. मी सांगस ना. तुम्ही बैलगाडी दखेल शे का?"

मी म्हणाले, "नाही." काय सांगू तुम्हाला. ब्राह्मणपुरीत जन्मलेली पोर, आणि बैलगाडी पाहिली नाही म्हणाली.

टेट्या झोळीचा बांबू खांद्यावर घेऊन उभा होता. बहिणीच्या तोंडातून रक्त येत होतं आणि तरी त्या माणसाला हसू फुटलं. "खोटं बोलते ही. तू ब्राह्मणपुरीच्या भगवानभाईंची पोर ना? उसाच्या गाडीवरून पडली होती ती? मीच उचललं तुला, शेणातून."

मुरुगनला मराठी येत नव्हती, पण तो दुसरीकडे बघू लागला. सायकीबाईने टेट्याला विचारलं असावं, कारण टेट्याने तिला पावरीत काहीतरी सांगितलं आणि तीही हसली. हसताना तिच्या दातांवर रक्त दिसलं. माझा गॉगल त्या क्षणी कुठे होता मला माहीत नाही. पुढे तो सापडलाच नाही.

झिपरू शांतपणे बोलत राहिला. "बैलगाडीचा आख फिरतो का, मॅडम?"

"नाही. चाक फिरतं. आख जागच्या जागी."

"वजन कशावर?"

"आखावर."

"आता तो आख पोकळ धरा. पोकळीतून एक काठी घातली. काठीचं टोक चाकाच्या तोंडाला बांधलं. काठी फिरली की चाक फिरलं. काठी मोडली. चाक पडेल का?"

सकाळी खडूने मी हेच काढलं होतं. नळी म्हणजे बैलगाडीचा आख. दांडा म्हणजे काठी. काठी मोडली तर चाक फिरवणारं कुणी राहत नाही, पण चाक आपल्या जागी बसलेलं असतं. तो लाभ. मी ज्याला "जास्त टिकतो" म्हणाले होते, तो लाभ खरं तर असा आहे, की फुल फ्लोटिंग आखाचा दांडा मोडला तर तो बाहेर काढून ठेवता येतो आणि गाडी चाकांवर चालते. ओढून न्या, नाहीतर पुढच्या चाकांना ताकद देऊन चालवा. आमच्या थ्री टनरला पुढच्या चाकांचाही ड्राइव्ह होता.

माझ्या तोंडून जे निघालं ते इंग्रजी नव्हतं, हिंदीही नव्हतं, गल्लीतली अहिराणी होती. "मग करा ना भो. काय दखी ऱ्हायनात मन्हाकडे?"

झिपरू उठला. "ठीक है, मॅडम," म्हणाला. एवढ्यानेच त्याने माझी इज्जत परत केली.

अकरा पंचावन्नला काम सुरू झालं. चाकाच्या मध्यावरचे आठ नट काढले. दांड्याचा मोडका तुकडा हातभर बाहेर आला. आतला तुकडा झिपरूने तारेचा फास करून ओढून काढला. मग त्याने उजव्या चाकाचा चांगला दांडाही काढला. मी विचारलं का, तर म्हणाला, "मधल्या गोळ्याला गोंधळ नको. एक हात तुटलेला आणि एक चालू, तर तो दात खाईल." दोन्ही चाकांची तोंडं उघडी पडली. त्यात चिखल जाऊ नये म्हणून बिस्किटांच्या डब्याचा पत्रा कापला, आत जुन्या ट्यूबचं रबर, वर ग्रीस, आणि तेच नट परत आवळले. मी पत्रा धरला होता. बोट कापलं. झिपरूने पाहिलं आणि ग्रीसचा डबा माझ्यापासून लांब सरकवला.

बारा पंचवीसला गाडी तयार होती. मी दार उघडून बसायला गेले.

"मॅडम, अशी नाही चढणार," झिपरू म्हणाला. "उलटी करा."

"उलटी म्हणजे?"

"रिव्हर्समध्ये. आता ओढायला फक्त पुढची चाकं. चढावर पुढचं अंग हलकं होतं, चाकं नुसती फिरतील. उलटी केली तर पुढची चाकं उताराच्या बाजूला येतील. सगळा भार त्यांच्यावर. तीच धरतील."

वळणाची जागा थोडी रुंद होती. मुरुगनने पंधरा-वीस वेळा मागेपुढे करत गाडी फिरवली. सायकीबाईला परत ताडपत्रीवर ठेवलं. टेट्या आणि झोळीवाले तिघे केबिनच्या भिंतीला चिकटून बसले, म्हणजे वजन पुढच्या चाकांवर पडेल. मुरुगनने पुढचा ड्राइव्ह लावला, रिव्हर्स टाकला, मान बाहेर काढली. मी रस्त्यावर, गाडीच्या शेपटीसमोर उभी राहिले. हात वर केले. ये. ये. डावीकडे. बस.

पाच किलोमीटर मी अशी उलट पावली चढले. मी मागे चालत होते, गाडी मागे चालत होती, आणि आम्ही दोघी पुढे जात होतो. झिपरू पुढच्या चाकाशेजारी लाकडाचा ठोकळा घेऊन चालत होता. गाडी थांबली की ठोकळा चाकाखाली. दोन वेळा चाकं घसरली. दोन्ही वेळा मुरुगनने रेस कमी केली, मी तोंड बंद ठेवलं, आणि गाडी निघाली.

सायकीबाईला ट्रकच्या उघड्या मागच्या बाजूने रस्ता दिसत होता. वाटेत ती टेट्याकरवी सूचना देऊ लागली. "म्हणते, बाईला सांग, पुढे सागाचं झाड आहे, तिथला काठ खचलाय. डोंगराकडून घ्या." मी हात फिरवला. गाडी डोंगराकडून गेली. सागापाशी काठ खरंच खचलेला होता. थोड्या वेळाने पुन्हा, "म्हणते, ड्रायव्हर पाठमोरा, बाई पाठमोरी. या गाडीत रस्ता बघणारी मी एकटीच."

"तिला म्हणावं, बोलत राहा," मी म्हणाले. डॉक्टरांनी सेटवर तेच सांगितलं होतं. झोपू देऊ नका.

"ती म्हणते, तुला सांगायची गरज नाही."

दोन वाजून अठरा मिनिटांनी आम्ही मोलगीत शिरलो. शेपटी पुढे, तोंड मागे, वर्कशॉप ऑफिसर गुडघ्यापर्यंत चिखलात. रस्त्याच्या कडेला माणसं उभी राहिली. ती म्हातारीही होती. तिने आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नर्सबाई, सैन्याची गाडी पुढे जात नाही का?"

मी म्हणाले, "जास ना माय. आज रुसेल शे."

दोन वीसला कॅप्टन नायरनी सुई टोचली. संध्याकाळी पाचला हिरड्यांचं रक्त थांबलं. दुसऱ्या दिवशी दुपारी सायकीबाईने भाकरी मागितली आणि आमच्या लंगरची, म्हणजे फौजी स्वयंपाकघराची, चपाती बघून नाक मुरडलं. चौथ्या दिवशी ती चालत घरी गेली.

परतल्यावर डिफेक्ट रिपोर्ट लिहायचा होता. शाफ्ट कसा मोडला, हा रकाना. झिपरूने तो माझ्यापुढे ठेवला तेव्हा भरलेला होता. "रस्त्याची स्थिती." मी विचारलं, "हे खरं आहे?" तो म्हणाला, "रस्ता खराबच होता ना, मॅडम." मी सही केली. चाळीस मिनिटं मी वाया घालवली आणि दांडा माझ्या हुकुमाने मोडला, हे त्या कागदावर नाही. म्हणून इथे लिहिते. मुरुगनने रेस माझ्या हुकुमावरून दिली होती.

त्यानंतर झिपरू वर्षभर माझ्या हाताखाली होता. खरं तर मी त्याच्या हाताखाली होते, फक्त तारे माझ्या खांद्यावर होते. त्याने मला गाडीचा आवाज ऐकायला शिकवलं. बेअरिंग जायच्या आधी कसं गुणगुणतं, प्रोपेलर शाफ्ट सैल झाल्यावर कसा ठकठकतो. मी त्याला काय दिलं? एक पत्र लिहून दिलं होतं, त्याच्या मुलीच्या शाळेसाठी, इंग्रजीत. तेवढंच. त्यानंतर मी नवीन ऑफिसरांना आख शिकवताना व्याख्या कधीच आधी सांगितली नाही. आधी विचारायचे, काठी मोडली, आता काय कराल?

तो उत्तरेकडे गेला, मी पुण्याला. दोन वर्षांनी हिवाळ्यात, बर्फाच्या रस्त्यावर एक अ‍ॅम्ब्युलन्स अडकली होती. झिपरू रिकव्हरी गाडी घेऊन गेला. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये दोन पेशंट होते. दोर बांधला, अ‍ॅम्ब्युलन्स निघाली. दोर सोडायला तो खाली होता तेव्हा वरचा बर्फाचा कडा अंगावर कोसळला. झिपरू गेला, त्याच्यासोबत शिपाई एक. पेशंट दोघेही वाचले. मला बातमी सकाळी सव्वादहाला फोनवर कळली. मी "येस सर" म्हणाले आणि फोन ठेवला. मग वर्कशॉपमध्ये गेले. तिथे एक गाडी उघडून ठेवलेली होती. दुपारपर्यंत मी तिचं बेअरिंग बसवत होते. ते माझं काम नव्हतं. कुणी मला अडवलं नाही.

अमळनेरला त्याच्या घरी गेले होते. त्याच्या बायकोने चहा दिला आणि विचारलं, "तुम्हीच का त्या, उलट्या गाडीच्या?" म्हणजे त्याने घरी सांगितलं होतं. चाळीस मिनिटांचं सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. ती म्हणाली, "ते माहीत नाही मला. ते म्हणायचे, मॅडमनं स्वतः पत्रा धरला."

मी मेजर होऊन निवृत्त झाले. आता शहाद्यात राहते. गेल्या वर्षी काठी गावची राजवाडी होळी बघून परत येताना सायकीबाईच्या पाड्यावर थांबले. रस्ता आता डांबरी आहे. ती आता आजी आहे, माझ्यापेक्षा जास्त नातवंडांची, आणि हे तिने पहिल्या पाच मिनिटांत दोनदा सांगितलं. टेट्या दारात बसला होता. त्याला ऐकू कमी येतं, त्यामुळे उसाच्या गाडीची आणि शेणाची गोष्ट त्याने सगळ्या पाड्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितली.

सायकीबाईने विचारलं, तो बुटका हवालदार कुठे असतो. इतक्या वर्षांत मी तिला सांगितलं नव्हतं. भेटी फार झाल्या नाहीत, आणि झाल्या तेव्हा ती नेहमी हसत होती. मी सांगितलं. बर्फ, अ‍ॅम्ब्युलन्स, दोर, कडा. तिने बर्फ पाहिलेला नाही. टेट्याला जवळ जाऊन परत सांगावं लागलं.

ती आत गेली आणि मोहाच्या दारूची बाटली आणि पळसाच्या पानांचे द्रोण घेऊन आली. त्यांच्याकडे पिण्याआधी गेलेल्या माणसांच्या नावाने जमिनीवर थोडी धार सोडतात. ती उंबऱ्याबाहेर बसली. सासऱ्याचं नाव घेतलं, धार सोडली. आईचं नाव, धार. लहानपणी गेलेल्या एका पोराचं नाव, धार. मग माझ्याकडे वळून तिने हवालदाराचं नाव विचारलं.

"झिपरू," मी म्हणाले. "झिपरू पाटील. अमळनेर."

तिने तिन्ही शब्द तसेच उच्चारले आणि बाकीच्यांपेक्षा जरा मोठी धार सोडली. मग द्रोण भरून माझ्यापुढे धरला. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कुणी प्यायलेलं नाही. मी दोन्ही हातांनी घेतला.